आपल्याच माणसाला दारात अडवलं, तर?



गेल्या दोन महिन्यांत लेखन-सेवेतल्या आम्हा भगिनींकडे एकच प्रश्न निरनिराळ्या घरांतून आला. इंदूरच्या घरांतून आला, देवासहून आला, एकदा बडोद्याहूनही आला. "ताई, तुम्ही दिलेला प्रोग्राम अँटिव्हायरस चालूच देत नाही. लाल खूण दाखवतो आणि फाइलच गायब करतो. अँटिव्हायरस बंद करून टाकू का?" याचं तांत्रिक उत्तर दोन ओळींत देता येतं, आणि ते आम्ही प्रत्येकाला दिलंही आहे. पण उत्तर देता देता आमच्यातच चर्चा सुरू झाली, आणि ती कॉम्प्युटरपुरती राहिली नाही. जो आपला आहे हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, त्याला पहारेकऱ्यानं दारात अडवलं तर दोष कोणाचा? आपण पहारेकऱ्याला दटावायचं, की आपल्या माणसाला "थांब जरा" म्हणायचं? या अंकात त्याबद्दल लिहावं असं ठरलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी प्रकार सांगतो. 1998 पासूनची बरीच प्रवचनं कॉम्प्युटरवर टाइप झाली ती त्या वेळच्या फॉन्टमध्ये. तेव्हा मराठी अक्षर कॉम्प्युटरच्या पोटात मराठी म्हणून साठत नसे. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असत. वरून फॉन्टचं पांघरूण घातलं की ती देवनागरी दिसत. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली की नुसता पसारा: कंस, टक्क्याची खूण, मधेच एखादा एक्स. आज आपण मोबाइलवर जे मराठी वाचतो ते युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा क्रमांक. फॉन्ट कोणताही असो, अक्षर तेच राहतं. जुनी फाइल युनिकोडमध्ये आणायची तर अक्षरागणिक बदल करावा लागतो. आपल्यातल्याच एका गुरुबंधूंनी बँकेतून निवृत्त झाल्यावर हे काम करणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर येते, एवढ्या एका गोष्टीसाठी ते कित्येक आठवडे बसले होते. ते आता देहानं आपल्यात नाहीत. त्यांचा प्रोग्राम मात्र आहे, आणि तो वापरणारी घरं असतील पंधरा-वीस.

तोच हा प्रोग्राम. अँटिव्हायरस त्याला चोर म्हणतो.

पहिली प्रतिक्रिया रागाची होते, ते स्वाभाविक आहे. ज्या माणसानं एक पैसा न घेता सेवा केली, त्याच्या कामावर एखादं यंत्र शिक्का मारतं म्हणजे काय! पण हे यंत्र नेमकं पाहतं काय, ते समजून घेतल्यावर आमचा राग बराच ओसरला. अँटिव्हायरस साधारण तीन प्रकारे ओळख पटवतो. पहिला प्रकार पोलिस ठाण्यातल्या फोटोंसारखा. पूर्वी पकडलेल्या वाईट प्रोग्रामांच्या खुणा त्याच्याकडे असतात, समोरच्याशी तो त्या ताडून पाहतो. दुसरा प्रकार वागणुकीचा: हा प्रोग्राम चालू झाल्यावर करतो काय? आणि तिसरा पतीचा. म्हणजे पत-प्रतिष्ठेतली पत. जगात किती लोक हा वापरतात, किती दिवसांपासून वापरतात, बनवणाऱ्यानं त्यावर डिजिटल सही केली आहे का.

पहिल्या प्रकारात आपल्या प्रोग्रामाला भीती नाही. अडतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात.

वागणूक बघा. आपला प्रोग्राम 'डॉक्युमेंट्स' फोल्डरमध्ये शिरतो, एकेक फाइल उघडतो, तिच्यातलं प्रत्येक अक्षर बदलतो, पुन्हा तिथेच ठेवतो आणि पुढच्या फाइलकडे वळतो. पाचशे फाइली तो काही मिनिटांत उरकतो. आता खंडणीखोर व्हायरस काय करतो? अगदी हेच! फोल्डरमध्ये शिरतो, एकेक फाइल उघडतो, प्रत्येक अक्षर बदलतो, पुन्हा ठेवतो. 12 मे 2017 ला सुरू झालेल्या 'वॉनाक्राय'नं दीडशेच्या आसपास देशांतल्या दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरांवर हेच केलं आणि फाइली परत वाचता याव्यात म्हणून पैसे मागितले. फरक एवढाच की आपला प्रोग्राम न वाचता येणारं वाचण्याजोगं करतो आणि तो वाचता येणारं न वाचण्याजोगं करतो. बाहेरून बघणाऱ्याला हा फरक कसा कळावा? त्याला दिसतं ते एकच, की कोणीतरी भराभर सगळी अक्षरं बदलतंय. मराठी टायपिंगच्या साधनांचंही असंच होतं. ती प्रत्येक दाबलेली कळ टिपून तिच्या जागी मराठी अक्षर ठेवतात. पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही प्रत्येक दाबलेली कळच टिपत असतो.

क्रिया एकच, हेतू उलट. आपल्याकडे कर्माचा विचार करताना हेतूला फार वजन दिलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण ते वजन कोण करणार, हा प्रश्न राहतो. हेतू करणाऱ्याला ठाऊक, देवाला ठाऊक, आणि जो त्याला जवळून ओळखतो त्याला थोडाबहुत ठाऊक. दारावरच्या माणसाला तो ठाऊक नसतो, आणि ठाऊक नाही म्हणून तो वाईट ठरत नाही. चावी बनवणाऱ्याचं उदाहरण घ्या. कपाटाची किल्ली हरवली म्हणून आपण त्याला बोलावलं. कॉलनीच्या फाटकाशी तो आला. पिशवीत कानशी, तारा, दोनशे चाव्यांचा जुडगा. चौकीदारानं त्याला अडवलं तर चौकीदार मूर्ख आहे का? मुळीच नाही. ती पिशवी बघून जो अडवणार नाही, त्याला पगार कशाचा द्यायचा? त्याला एवढंच माहीत नाही की आपण बोलावलंय. ते सांगणं आपलं काम आहे.

इथे आमची चर्चा पहिल्यांदा पुढे सरकली. अडवलं जाणं म्हणजे दोषी ठरणं, असं आपण फार पटकन धरून चालतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. पुरेसा पुरावा नसेल तर तो सुटतो. दारावर याच्या उलट चालतं, संशय असला की थांबवायचं. मग दारावरचा नियम अन्यायाचा म्हणायचा का? आमच्यातल्या एकीचं मत पडलं की हो, अन्यायाचाच. कोणावरही उगाच संशय घेणं हे पापच. बाकीच्यांना ते पटलं नाही. न्यायालय शिक्षा देतं आणि भोगलेली शिक्षा परत घेता येत नाही. दारावर नुसतं थांबवतात, आणि थांबवलेल्याला पुढे सोडता येतं. अँटिव्हायरसही बहुतेक वेळा संशयित फाइल लगेच नष्ट करत नाही, तो तिला वेगळ्या कोठडीत ठेवतो. तिला 'क्वारंटाइन' म्हणतात. हा शब्द 2020 मध्ये आपल्या सगळ्यांना पाठ झाला. आपल्यातले किती जण तेव्हा चौदा-चौदा दिवस एका खोलीत राहिले! त्यांनी काय गुन्हा केला होता? घरच्यांनी ताट दाराबाहेर ठेवलं म्हणून कोणी त्यांना अपराधी मानत नव्हतं. पुढे काही झालं नाही हे कळल्यावर दार उघडलं, एवढंच.

म्हणून संशय घ्यायचा की नाही, यापेक्षा संशय घेतल्यावर आपण काय करतो, ते आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्या संशयाला परतीची वाट आहे तो सहन करता येतो. चार लोकांत चोर म्हणून नाव घेतलं आणि नंतर "चुकलं" म्हटलं, तर त्याला परतीची वाट नाही. कोठडीतल्या फाइलीबद्दल एक व्यवहारातली सूचनाही इथेच देऊन टाकतो. काही अँटिव्हायरस ठरावीक दिवसांनी ती कोठडी आपोआप रिकामी करतात. तेव्हा थांबवलेल्याची चौकशी वेळेत झाली पाहिजे. "बघू नंतर" म्हणून सोडून दिलेला निर्दोषही तिथेच संपतो.

आता तिसरा प्रकार, पतीचा. हा आम्हाला सगळ्यांत जास्त लागला. विंडोजमध्ये एखादा अनोळखी प्रोग्राम उतरवून उघडला की निळी पाटी येते आणि ती सांगते की याचा प्रकाशक ओळखीचा नाही. का नाही? कारण वापरणारे थोडे, आणि त्यावर सही नाही. डिजिटल सहीसाठी प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्याला पैसे पडतात आणि मुदत संपली की पुन्हा घ्यावं लागतं. पंधरा घरांसाठी फुकट प्रोग्राम लिहिणारा निवृत्त माणूस ते कुठून घेणार? लाखो लोक वापरतात तो विश्वासू, पंधरा घरं वापरतात तो संशयित! आपल्याला हे थोडं ओळखीचंही वाटायला हवं. होळकरांच्या काळापासून इंदुरात राहणाऱ्या घरातल्या मुलाला पुण्यात विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" आणि त्याचं मराठी ऐकून गालातल्या गालात हसतात. इंदुरातही कोणी ना कोणी तोच प्रश्न विचारतंच. जो संख्येनं थोडा, त्याला आपली ओळख दर वेळी नव्यानं सांगावी लागते. बडोदा, बेळगाव, हैदराबाद, ग्वाल्हेर, सगळीकडच्या आपल्या घरांना हा अनुभव असेल.

तरीही खरं तेच सांगायचं तर संख्येचा हा निकष अगदीच खुळा नाही. नवा व्हायरस पहिल्या दिवशी नवाच असतो, त्याला ओळखणारे कमीच असतात. लग्नासाठी स्थळ आलं की आपणही चार ठिकाणी चौकशी करतो, आणि ज्याला कोणीच ओळखत नाही त्याच्याबद्दल जरा सबुरीनं घेतो. त्यात त्या मुलाचा अपमान नसतो. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की ओळखीचे कमी असणं हा चौकशीचा विषय आहे, निकाल नाही.

मग आपल्या माणसासाठी आपण साक्ष द्यायची ती कशी? कॉम्प्युटरमध्ये याला सवलतीची यादी असते. 'विंडोज सिक्युरिटी'त 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'च्या सेटिंगमध्ये गेलं की 'एक्स्क्लूजन्स' नावाची जागा आहे. तिथे चार तऱ्हेची सवलत देता येते: एका फाइलीला, अख्ख्या फोल्डरला, एका जातीच्या सगळ्या फाइलींना, किंवा चालू असलेल्या एका प्रोग्रामाला. आणि इथेच बहुतेक घरांत घोटाळा होतो. एका फाइलीसाठी भांडण आणि सवलत मात्र अख्ख्या 'डाउनलोड्स' फोल्डरला! आपण भरवशाच्या कामवाल्या बाईला घराची किल्ली देतो. म्हणून काय चौकीदाराला असं सांगतो का, की मागच्या दारानं जो कोणी येईल त्याला आजपासून विचारू नका? अख्ख्या फोल्डरला सवलत देणं म्हणजे हेच. त्या बाईंसाठी उघडलेल्या दारानं उद्या कोण आत येईल, आपल्याला कळणारही नाही. पहारेकरी तिकडे बघणारच नाही, कारण आपणच तसं सांगितलंय.

याहून बारीक गोष्ट आहे, ती आम्हाला एका भाच्यानं समजावली. विंडोजच्या या यादीत फाइलीला दिलेली सवलत खरं तर त्या फाइलीला मिळतच नाही, तिच्या पत्त्याला मिळते. अमुक फोल्डरमधली अमुक नावाची फाइल, एवढंच तिथे लिहिलेलं असतं. उद्या त्याच जागी, त्याच नावानं, दुसरीच फाइल येऊन बसली तर तीही सवलतीत जाते. हे ऐकून आम्ही सगळ्या जरा गप्पच झालो. आपणही माणसांना सवलत देतो ती पुष्कळदा पत्त्याला असते. अमक्यांचा मुलगा, तमक्यांच्या घरातला, आपल्या समूहातला. त्या पत्त्यावर आज कोण राहतंय, ते पाहायचं राहून जातं. काही वाईट प्रोग्राम तर एकदा आत शिरले की पहिलं काम हेच करतात, सवलतीच्या यादीत गुपचूप स्वतःचं नाव घालतात. म्हणून ती यादी दोन-चार महिन्यांनी उघडून बघावी. जे नाव आपण लिहिलेलं आठवत नाही, ते तिथे असायला नको.

आणि जो खरोखरच विश्वासू होता तोही एखाद्या दिवशी बिघडलेला असू शकतो. 2017 मध्ये हे घडलं. 'सीक्लीनर' नावाचा, कॉम्प्युटरातला कचरा काढणारा प्रोग्राम तेव्हा घरोघर होता. त्याच्या 5.33 या आवृत्तीत, कंपनीच्या आतच कोणीतरी शिरकाव करून, दुष्ट भाग मिसळला. ती आवृत्ती कंपनीच्याच अधिकृत जागेवरून, कंपनीच्या खऱ्या डिजिटल सहीनिशी लोकांनी घेतली. ऑगस्टच्या मध्यापासून जवळपास महिनाभर हे चाललं आणि सुमारे 22 लाख 70 हजार कॉम्प्युटरांवर ती पोचली. नाव खरं, सही खरी, पत्ता खरा. आतला माल तेवढा खोटा. वापरणाऱ्यांनी तरी काय करायला हवं होतं? त्यांच्या हातात फारसं काही नव्हतं, हे मान्यच करावं लागेल. पण एवढं खरं की कोणाला दिलेला विश्वास जन्मभरासाठी शिक्का मारून ठेवायची वस्तू नाही. त्याच माणसाकडे पुन्हा पुन्हा नीट बघणं हा त्या विश्वासाचाच भाग आहे.

यावर आपल्यातल्या एका ज्येष्ठ काकांनी आम्हाला स्पष्ट सुनावलं. "तुम्ही मुली कॉम्प्युटर शिकलात आणि संशय शिकलात. श्रद्धावंतानं तपासत बसायचं नसतं. गीतेत संशयी माणसाचं काय होतं ते सांगितलंय, विसरलात का?" काकांबद्दल आम्हाला आदर आहे, आणि गीतेतला तो श्लोक आम्हालाही ठाऊक आहे. पण तिथे ज्या संशयाबद्दल बोललंय तो मनाला कुठेच ठरू न देणारा संशय, असं आम्हाला वाटतं. बाजारात माठ घेताना आपण बोटानं वाजवून घेतो, तो हा नव्हे. माठ वाजवला म्हणून कुंभार रागावत नाही. उलट तोच म्हणतो, "वाजवून घ्या, वहिनी." ज्याचा माठ पक्का आहे त्याला वाजवण्याची भीती नसते. आणि वाजवून घेतलेला माठ घरी आणल्यावर त्यातलं पाणी पिताना आपण रोज शंका काढत बसतो का?

काकांना आम्ही आणखी एक सांगितलं आणि त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आपली श्रद्धा माणसावर असते. पण आपल्या हातात येते ती त्या माणसाच्या नावानं आलेली वस्तू. ही दोन एक नव्हेत. लग्नसराईत 'लग्नपत्रिका' म्हणून मोबाइलवर एपीके फाइली फिरतात, त्याबद्दल पोलिसांनीही सावध केलं आहे. पत्रिका म्हणून उघडली की ती प्रत्यक्षात ॲप बसवते, ते आपले मेसेज वाचायला लागतं आणि बँकेचे ओटीपीसुद्धा त्याच्या हाती पडतात. आपल्या ओळखीच्या एका घरात हेच झालं. मेसेज कोणा परक्याचा नव्हता. ज्यांच्या घरी आपण महाप्रसादाला बसतो त्यांच्या नंबरावरून तो आला होता. त्यांना पत्ताही नव्हता. त्यांचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेला होता. फोननं पाटी दाखवली होती की हे ॲप धोक्याचं असू शकतं. पण पाठवणारे आपले! मग पाटी खोटी ठरली आणि बोट 'होय'वर पडलं. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे गेले. त्या मावशींनी नंतर पैशाबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांना विचारलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं ना?"

हे वाक्य आम्हा सगळ्यांच्या डोक्यात राहिलं आहे. विचारलं तर वाईट वाटेल, या एका भावनेवर ठगांचा निम्मा धंदा चालतो. जिथे माणसं एकमेकांना अनोळखी आहेत तिथे हे जमत नाही. जिथे प्रेम आहे, भिडस्तपणा आहे, तिथेच जमतं. आपल्यासारख्या समूहांत तर सगळ्यांत सोपं. म्हणून प्रेम कमी करायचं का? नाही. पण "ही फाइल खरंच तुम्ही पाठवली का?" हा फोन प्रेमातच बसतो, हे एकमेकांना आधीच सांगून ठेवायला हवं. ज्याला असा फोन येईल त्यानं "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणायचं नाही. त्यानं म्हणायचं, "बरं झालं विचारलंस." हे आपल्या ज्येष्ठांनी आधी केलं तर तरुणांना विचारायला धीर येईल. आणि ज्येष्ठांना प्रश्न विचारताना तरुणांनीही सूर सांभाळावा. "आजी, तू काहीही उघडतेस" असं म्हटलं की आजी पुढच्या वेळी सांगतच नाही.

पहारेकरी स्वतः चुकत नाही असं मात्र कोणी समजू नये. 21 एप्रिल 2010 ला मॅकअफी या नामांकित अँटिव्हायरसनं विंडोज एक्सपीचाच एक आवश्यक भाग व्हायरस समजून धरला. जगभर हजारो कॉम्प्युटर बंद-चालू, बंद-चालू होत राहिले; अमेरिकेत शाळा आणि दवाखान्यांचं काम अडलं. कंपनीनं माफी मागितली. सप्टेंबर 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरनं क्रोमसारखे रोज वापरातले प्रोग्राम धोक्याचे म्हणून दाखवले, त्याच दिवशी सुधारणा आली. घराचा खांबच चोर म्हणून उपटावा, असा 2010 चा प्रकार. पण म्हणून कोणी दारावरचा माणूस कायमचा काढून टाकला नाही. चुकला तर त्याला चूक दाखवायची, त्याच्याकडून दुरुस्त करून घ्यायची. त्यासाठी वाट ठेवलेली असते: अडवलेली फाइल कंपनीकडे पाठवून "ही पुन्हा तपासा" असं सांगता येतं. हे फार कमी लोक करतात. दटावून बंद करणं सोपं. समजावून सुधारणं वेळखाऊ. घरातही आपण काय निराळं करतो म्हणा!

"अँटिव्हायरस बंद करून टाकू का?" याचं उत्तर म्हणून 'नाही' असंच आहे. चोरून मिळवलेल्या प्रोग्रामांबरोबर तर नेहमी हीच सूचना येते की आधी अँटिव्हायरस बंद करा. जो पाहुणा येण्याआधी चौकीदाराला घरी पाठवायला सांगतो, त्याला घरात घ्यायचा की नाही हे आपलं आपण ठरवावं.

आपल्या गुरुबंधूंच्या प्रोग्रामाचं आम्ही काय केलं ते सांगतो. त्यांच्या मुलाकडून मूळ प्रत मागवली आणि तिचा ठसा घेतला. प्रत्येक फाइलीचा 64 अक्षरांचा असा ठसा काढता येतो. आत एक अक्षर जरी बदललं तरी ठसा पार वेगळा येतो. घरोघर पोचलेल्या प्रतींचे ठसे त्याच्याशी ताडून पाहिले. एका घरातली प्रत जुळली नाही, ती काढून टाकली. तिथे काय झालं होतं ते शोधत बसलो नाही. मग 'व्हायरसटोटल' या जागेवर ती फाइल पाठवून सत्तरच्या आसपास अँटिव्हायरसांचं मत घेतलं. चार जण वाईट म्हणाले, तेही नाव न घेता, नुसता अंदाज म्हणून. बहुमत आपल्या बाजूनं असलं तरी तेवढ्यावर आम्ही थांबलो नाही, कारण नव्या व्हायरसालाही पहिल्या दिवशी चारच जण ओळखतात. मुलाच्या मित्रानं मूळ लिखाण ओळ न् ओळ वाचून पाहिलं. तिथे पाठवलेली फाइल पुढे इतर कंपन्यांनाही दिसते, म्हणून प्रोग्राम पाठवा, पण घरची कागदपत्रं कधी पाठवू नका.

सवलत दिली ती फक्त त्या एका प्रोग्रामाला. 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' नावाची सोय चालू असेल तर अनोळखी प्रोग्रामांना डॉक्युमेंट्समध्ये लिहू दिलं जात नाही. तिच्या परवानगीच्या यादीत त्याचं नाव घातलं. आणि तरीही तो मूळ फाइलींवर चालवायचा नाही, वेगळ्या पेन ड्राइव्हवरच्या नकलेवर चालवायचा, असं ठरवलं. एक भगिनी म्हणाल्या, "विश्वास आहे तर नक्कल कशाला?" ते स्वतः हयात असताना नक्कल केल्याशिवाय कधी प्रोग्राम चालवत नसत, असं त्यांच्या मुलानं सांगितलं.

अडवणाऱ्या चारही कंपन्यांकडे फाइल पुन्हा तपासायला पाठवली. दोघींनी शिक्का काढला. एकीचं उत्तर आलं नाही. चौथी म्हणते, वागणूक संशयास्पदच आहे. आणि खरं सांगायचं तर वागणूक आहेच तशी. ज्या घरांत या दोन कंपन्यांचे अँटिव्हायरस आहेत त्यांनी भांडत बसू नये, जुनी फाइल आमच्याकडे पेन ड्राइव्हवर पाठवावी. बदलून त्याच आठवड्यात परत मिळेल. 2003 आणि 2004 च्या चातुर्मासातल्या फाइली अजून कोणाच्या तरी कपाटात सीडीवर आहेत असं ऐकतो. सीडीवर बुरशी धरली असली तरी पुसू नका, तशीच आणा.

— लेखन-सेवेतल्या भगिनी, इंदूर